तुम्ही विचारलंत म्हणून: बुद्धिबळात बायकांची वेगळी स्पर्धा कशाला?

नागपूरची दिव्या देशमुख बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकली तेव्हापासून हा प्रश्न जरा जास्तच येतो. लग्नाच्या पंगतीत येतो, लेकीला क्लासला सोडायला आलेल्या बाबांकडून येतो. "मॅडम, कुस्तीचं समजू शकतो. पण इथे तर नुसतं बसून खेळायचंय. मग मुलींची वेगळी स्पर्धा कशाला?" मी बरीच वर्षं स्पर्धा खेळले, आता शिकवते, त्यामुळे उत्तर माझ्या खिशातच असणार असं लोक धरून चालतात.

आधी एक सांगते. बुद्धिबळात 'पुरुषांची' अशी स्पर्धा आता नसतेच. एक ओपन असते, तिथे कुणीही बसावं, आणि एक महिलांची. हेही काही फुकट मिळालेलं नाही. 1976 साली मुंबईची रोहिणी खाडिलकर राष्ट्रीय पुरुष स्पर्धेत उतरली. वय वर्षं 13. त्यावरून गदारोळ झाला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि शेवटी जागतिक बुद्धिबळ संघटनेचे, म्हणजे फिडेचे, अध्यक्ष मॅक्स युवे यांनी बजावलं की बायकांना राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांत मज्जाव करता येणार नाही. दार उघडलं ते एका मराठी मुलीमुळे, हे आपल्याकडेच किती जणांना माहीत आहे कोण जाणे.

मग दार उघडं असताना वेगळी खोली कशाला? खरं सांगू? पोटासाठी.

या खेळात वरचे थोडे सोडले तर बक्षिसावर कुणाचंच घर चालत नाही. कोच, परदेशातल्या स्पर्धा, हॉटेल. त्यात मुलगी असेल तर बरोबर आई किंवा बाबा, म्हणजे तिकिटंही दोन. मुलगा पंधराव्या वर्षी चार मित्रांबरोबर स्लीपरने निघतो आणि एका खोलीत चौघं झोपतात. मुलीला तसं कोण पाठवतं? महिलांची स्पर्धा असते म्हणून तिला पदक मिळतं, पदकामुळे नोकरी मिळू शकते, आणि नोकरीमुळे खेळ टिकतो. आपली ग्रँडमास्टर कोनेरू हंपी ओएनजीसीत आहे. 2017 मध्ये तिला मुलगी झाली. मधे तिने खेळ थांबवला, परत आली आणि 2019 मध्ये मॉस्कोत महिलांची जागतिक रॅपिड, म्हणजे कमी वेळाच्या डावांची, स्पर्धा जिंकली. 2024 मध्ये न्यूयॉर्कला पुन्हा.

बक्षिसांची तफावत मात्र आहेच. 2023 चा विश्वचषक बाकूत झाला, ओपन आणि महिलांचा एकाच वेळी. ओपनचा विजेता कार्लसन, त्याला 1,10,000 डॉलर मिळाले; महिलांची विजेती गोर्याच्किना, तिला 50,000.

यावर लगेच हंगेरीच्या ज्युडिट पोल्गारचं नाव पुढे येतं. ती महिलांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा कधी खेळलीच नाही आणि पुरुष धरून जगात आठव्या क्रमांकापर्यंत पोचली. बरोबर आहे. पण तिच्या आईवडिलांनी तिन्ही मुलींना शाळेऐवजी घरीच शिकवलं, अख्खं घर पटाभोवती उभं केलं. तेवढं करायची तयारी असलेले पालक मला तरी अजून भेटले नाहीत.

ओपनमध्ये काय होतं तेही ऐका. डाव संपतो, मुलगा स्कोअरशीटवर सही करून बाहेर येतो, आणि दारातच वडील विचारतात, "मुलीकडून हरलास?" पोरगं मान खाली घालतं. मागून माझी विद्यार्थिनी येते. सव्वातीन तास खेळून हत्ती-प्याद्याचा शेवट तिने जिंकलेला असतो, आणि तिच्या कानावर पहिलं वाक्य पडतं ते हे.

एका बाबतीत मात्र विचारणाऱ्यांशी माझं जमतं. स्पर्धा ठेवा, पण महिलांचे वेगळे किताब काढून टाका. मुलगा 2300 रेटिंगला (खेळाच्या ताकदीचे गुण) पोचला तर तो फिडे मास्टर. तेवढ्याच रेटिंगवर नॉर्म (किताबासाठी स्पर्धेत करावी लागणारी ठरावीक कामगिरी) पूर्ण केलेली मुलगी वुमन ग्रँडमास्टर. नावात ग्रँडमास्टर आलं की सत्कार होतात, शाल-श्रीफळ येतं, आणि पुढच्या 200 गुणांची भूक मरते. पुरे झालं, असं घरचेच म्हणायला लागतात. खऱ्या ग्रँडमास्टरला, म्हणजे सगळ्यात वरच्या किताबाला, 2500 लागतात.

दिव्याचंच बघा ना. जुलै 2025 मध्ये महिला विश्वचषकासाठी जॉर्जियात बातुमीला जाताना तिच्याकडे ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नव्हता. अंतिम फेरीत समोर हंपी, दोघींच्या वयात जवळजवळ दोन दशकांचं अंतर. बरोबरी झाली म्हणून खेळवलेल्या टायब्रेकमध्ये दिव्या जिंकली. या विश्वचषकाच्या विजेतीला थेट ग्रँडमास्टर किताब द्यायचा असा नियम असल्यामुळे ती भारताची 88 वी ग्रँडमास्टर झाली. म्हणजे महिलांच्या स्पर्धेनेच तिला खरा किताब दिला. माझ्या मताला हे थोडं आडवं जातं, पण जाऊ दे.

तेव्हा क्लासच्या दारात बाबा विचारतात, "हिला कुठे खेळवू?", तर मी सांगते, दोन्हीकडे. राज्य आणि राष्ट्रीयला मुलींच्या गटात, एरवी ओपनमध्ये. आणि फी एकाचीच परवडत असेल, तर ओपनची भरा.