छेत्रीची फ्री किक आणि इव्हानचं जाणं

२७ एप्रिल २०२४, शनिवार

केरळ ब्लास्टर्स या फुटबॉल क्लबने काल आपला प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविचला निरोप दिला. मी मुंबई सिटी संघाची चाहती. ब्लास्टर्स हरावेत असंच मला दर वेळी वाटत आलं आहे. तरीही ही बातमी वाचून वाईट वाटलं, आणि का वाटलं ते लिहून काढल्याशिवाय चैन पडणार नाही.

हा सर्बियन माणूस जून २०२१ मध्ये कोचीला आला तेव्हा त्या क्लबात प्रशिक्षक टिकतच नव्हते. आधीची चार वर्षं संघाने प्लेऑफचं, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेरीचं, तोंड पाहिलं नव्हतं. इव्हानने पहिल्याच मोसमात संघ अंतिम सामन्यापर्यंत नेला. २० मार्च २०२२, फातोर्डा, समोर हैदराबाद. १-१ बरोबरी आणि टायब्रेकरमध्ये हार. पुढची दोन्ही वर्षं संघ प्लेऑफला होता. गेल्या आठवड्यात भुवनेश्वरला ओडिशाविरुद्ध ८६ मिनिटांपर्यंत आघाडीवरही होता. दिएगो मॉरिसिओने बरोबरी केली, जादा वेळेत आयझॅकने दुसरा गोल केला, आणि मोसम संपला. तीन वर्षांत एकही करंडक नाही हे खरं आहे. पण कोचीचं स्टेडियम पुन्हा गच्च भरायला लागलं ते याच तीन वर्षांत.

एवढं करूनही त्याचं नाव निघालं की लोकांना एकच रात्र आठवते. ३ मार्च २०२३, बंगळूरचं श्री कंठीरवा स्टेडियम.

त्या मोसमात इंडियन सुपर लीगने (आयएसएल) प्लेऑफची रचना बदलली होती. पहिले दोन संघ थेट उपांत्य फेरीत, तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाच्या संघांत एकेकच सामना. हरला तो घरी. बंगळूर चौथं, ब्लास्टर्स पाचवे. नव्वद मिनिटांत गोल नाही. जादा वेळेच्या सहाव्या मिनिटाला बंगळूरच्या सुनील छेत्रीला डीच्या बाहेर पाडलं आणि फ्री किक मिळाली. ब्लास्टर्सचा गोली प्रभसुखन गिल भिंत लावण्यात गुंतलेला, भिंत अजून उभी राहायची होती, तेवढ्यात छेत्रीने चेंडू अलगद मोकळ्या जाळ्यात टाकला. पंच क्रिस्टल जॉन यांनी गोल दिला. हुज्जत झाली, खेळाडूंनी पंचांना घेरलं, आणि मग इव्हानने आपल्या पोरांना हाक मारून मैदानाबाहेर बोलावलं. ते परत आलेच नाहीत. वाट बघून सामना बंगळूरला देऊन टाकला.

मी शाळांच्या स्पर्धांमध्ये बरीच वर्षं शिट्टी घेऊन उभी राहिले आहे, त्यामुळे त्या मिनिटाचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. नियम क्रमांक १३ स्पष्ट आहे. फ्री किक मिळालेल्या संघाला ती लगेच घ्यायचा हक्क आहे, त्यासाठी शिट्टीची गरज नाही. समोरचे ९.१५ मीटर मागे नसतील आणि तरी तुम्हाला मारायचं असेल, तर खुशाल मारा. पण एकदा का अंतराची मागणी झाली, पंच खेळाडूंना मागे सरकवायला लागला, की फ्री किक शिट्टीवर जाते. मग शिट्टीआधी चेंडूला पाय लावायचा नाही. आम्ही हे सातवीच्या मुलांनाही दाखवून सांगतो. शिट्टी उंच धरायची, तिच्याकडे बोट करायचं, आणि मोठ्याने म्हणायचं, "शिट्टीवर!" गोलीला ऐकू जायला हवं, बाहेर उभ्या असलेल्या सरांनाही.

छेत्रीने सामन्यानंतर टीव्हीवर सांगितलं की आपण पंचांना म्हणालो होतो, मला शिट्टी नको आणि भिंतही नको. ब्लास्टर्सच्या लुनाला हे ऐकू गेलं होतं, म्हणूनच पहिल्या प्रयत्नाला तो आडवा आला, असंही तो म्हणाला. केरळचं म्हणणं नेमकं उलटं. पंच खेळाडूंना मागे सरकवत होते, म्हणजे आता शिट्टीच्या आधी काही होणार नाही असं आम्ही धरून चाललो. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक असू शकतात. मला छेत्री खोटं बोलला असं मुळीच वाटत नाही. पण दोन संघ दोन वेगवेगळ्या समजुतीने त्या चेंडूभोवती उभे होते, आणि ती समजूत एक करणं हे पंचाचंच काम असतं. गोल नियमात बसतो की नाही यावर लोक वर्षभर भांडले. बंगळूरच्या गोलीने भिंत लावलेली असती आणि लुनाने हाच गोल केला असता, तर तेच लोक उलट्या बाजूने भांडले असते. त्या अर्ध्या मिनिटात पंच कोणाला काय म्हणाले, हे मात्र मी आजपर्यंत त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही.

इव्हानने संघ बाहेर काढला ते चूक होतं, यात मला शंका नाही. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ यांचे सामने बघत मी मोठी झाले. पंचाच्या निर्णयावर अख्खी पेठ पेटून उठते हे मला कोणी शिकवायला नको. तिथेही जाणती माणसं एवढंच सांगत, की आधी सामना पुरा करा, तक्रार नंतर. ब्लास्टर्सच्या हातात अजून पंचवीस मिनिटं होती. एक गोल फिटायला तेवढा वेळ पुष्कळ होता.

मग शिक्षा आली. ३१ मार्चला भारतीय फुटबॉल महासंघाच्या शिस्तपालन समितीने क्लबला ४ कोटी रुपये दंड केला आणि जाहीर माफी मागायला सांगितली. इव्हानवर दहा सामन्यांची बंदी आणि ५ लाख. सामना पुन्हा खेळवा ही मागणी त्याआधीच फेटाळली होती. अपीलही जूनमध्ये फेटाळलं गेलं.

आणि याच जूनमध्ये ती गोष्ट घडली, जिची आठवण झाली की अजून माझा जीव तळमळतो. ब्लास्टर्सने आपला महिला संघ थांबवला. तात्पुरता, असं म्हणाले. कारण दिलं महासंघाचा दंड. तो संघ सुरू होऊन पुरतं एक वर्षही झालं नव्हतं. कंठीरवावर फ्री किक कोणी घेतली, गोल कोणी दिला, संघ कोणी बाहेर काढला, यातल्या एकाही गोष्टीशी त्या मुलींचा काडीचा संबंध नव्हता. पुरुषांच्या प्लेऑफमधल्या एका निर्णयाचं बिल त्यांच्या नावावर फाडलं गेलं. दंड लावणाऱ्या समितीने हा विचार केला नसेल. क्लबला मात्र करता आला असता. पैसे वाचवायला दुसरी जागा सापडली नाही, यावर माझा विश्वास बसत नाही. त्या वेळी पुरुष संघासाठी परदेशी खेळाडूंची खरेदी काही थांबली नव्हती.

इव्हान ऑक्टोबरमध्ये बंदी संपवून परत आला. २७ तारखेला कोचीत ओडिशाला २-१ हरवलं. स्टेडियममधल्या लोकांनी त्याचं जे स्वागत केलं ते मी मोबाइलवर पाहिलं, आणि ब्लास्टर्सचा राग करणं त्या दिवसापुरतं मला जमलं नाही. सहा महिन्यांत तोच माणूस गेला.

५ मे २०२४, रविवार

जिंकलो! काल आयएसएलच्या अंतिम सामन्यात सॉल्ट लेकवर मोहन बागानला ३-१. पहिल्या अर्ध्यात बागानच्या कमिन्सने गोल केला तेव्हा घरात कोणी बोलत नव्हतं. मग दियाझ, मग बिपिन, आणि अगदी शेवटी वोइतुस. सहाच वर्षांची भाची सोफ्यावरून उड्या मारत होती, तिला आयएसएल म्हणजे काय हेही धड माहीत नाही.

सकाळी चहा पिताना लक्षात आलं, की कालच्या दोन्ही संघांनी मोसमाच्या मध्यात प्रशिक्षक बदलले होते. आमचे देस बकिंगहॅम नोव्हेंबरमध्ये ऑक्सफर्ड युनायटेडला गेले आणि पेत्र क्रात्की आले. बागानने जानेवारीत फेरांडोंना काढून हबासना आणलं, आणि त्यांनी साखळीत पहिल्या येणाऱ्याला मिळणारी लीग शील्ड जिंकून दाखवली. म्हणजे प्रशिक्षक बदलला की वाटोळंच होतं असं मी म्हणू शकत नाही. बंगळूरनेही डिसेंबरमध्ये ग्रेसनना काढलं, त्यांना मात्र प्लेऑफ गाठता आली नाही. क्रात्कींना तयार संघ मिळाला होता, बकिंगहॅमनी घडवलेला. मधल्या फळीची चेंडू फिरवण्याची सवय, बिपिन आणि छांगटे यांचं बाजूने आत घुसणं, हे त्यांनी मोडलं नाही. नवीन माणूस आला की आधीच्याचं सगळं पुसून टाकतो, हा रोग आपल्याकडे फार. क्रात्कींना तो नाही, आणि कालचा करंडक मला त्याचंच फळ वाटतो.

याच दोन संघांचा २० डिसेंबरचा अंधेरीतला सामनाही आठवला. आम्ही २-१ जिंकलो, पण त्या सामन्यात सात लाल कार्डं निघाली. आमची चार, त्यांची तीन. ग्रेग स्टुअर्ट, आकाश मिश्रा, विक्रम प्रताप, आणि शेवटची शिट्टी झाल्यावर राहुल भेके. मी स्टँडमध्ये होते. पहिल्या कार्डाला टाळ्या आणि शिव्या दोन्ही ऐकू आल्या, चौथ्यानंतर लोक एकमेकांना विचारायला लागले की नेमकं कोणाला आणि कशासाठी दिलं. मला स्वतःला दोन कार्डांची कारणं घरी जाऊन रिप्ले पाहिल्यावर कळली. तिकीट काढून मैदानात बसलेल्या माणसाला समोर काय चाललंय ते कळू नये?

इंग्लंडमध्ये २०२३ पासून प्रीमियर लीगच्या पंचांचं व्हीएआर खोलीशी (व्हिडिओ पाहून निर्णय तपासणाऱ्या पंचांशी) झालेलं बोलणं टीव्हीवर ऐकवतात. पंचांचे प्रमुख हॉवर्ड वेब स्वतः बसून, हा निर्णय बरोबर होता, हा चुकला, असं सांगतात. आपल्याकडे आयएसएलमध्ये व्हीएआर नाही, त्याला लागणारा पैसा मोठा आहे हे मला कळतं. पण पंचांच्या कानात यंत्रं तर आहेत. त्यांचं आपसातलं बोलणं दुसऱ्या दिवशी ऐकवायला कोटी रुपये लागत नाहीत.

१९ मे २०२४

बकिंगहॅमच्या ऑक्सफर्डने काल वेम्बलीवर बोल्टनला २-० हरवलं आणि प्लेऑफमधून चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत, वर गेले. अंधेरीच्या टचलाइनवर उभा राहिलेला माणूस वेम्बलीवर! दिवसभर फार छान वाटत होतं. बाकी काही लिहिण्यासारखं नाही.

१८ जून २०२४, मंगळवार

काल महासंघाने भारतीय संघाचे प्रशिक्षक इगोर स्टिमाचना काढलं. कतारविरुद्धच्या दोहाच्या सामन्याला जेमतेम आठवडा होतोय.

११ तारखेचा तो सामना मी पुन्हा पाहिला, पूर्ण. छेत्री निवृत्त झालेला, पहिल्यांदाच त्याच्याशिवाय एवढी मोठी लढत. ३७व्या मिनिटाला आपल्या छांगटेने गोल केला. कतार आशियाई विजेता, त्यांनी बरीचशी तरुण पोरं उतरवली होती हे मान्य, तरी दोहात आपण पुढे होतो, आणि जिंकलो असतो तर विश्वचषक पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत. भारत तिथे कधीच पोचलेला नाही. ७३व्या मिनिटाला कतारच्या युसूफ आयमेनचं हेडर आपल्या गोली गुरप्रीतने अडवलं, चेंडू गोलरेषेवरून पार बाहेर गेला, हाश्मी हुसेनने तो पायाने आत ओढला, आयमेनने जाळ्यात ढकलला. आपले खेळाडू थांबले होते. पंच कोरियाचे किम वू-सुंग, त्यांनी गोल दिला. लाइनमनचं निशाण खालीच. व्हीएआर या फेरीत नव्हतंच. ८५व्या मिनिटाला अल-रावीने दुसरा घातला आणि सगळं संपलं.

यात वादाला जागाच नाही. छेत्रीच्या फ्री किकवर दोन मतं होऊ शकतात, इथे चेंडू बाहेर होता, रिप्लेमध्ये रेषा आणि चेंडू यांच्यात हिरवं गवत दिसतं. आणि गुरप्रीत, बाकी सगळे पंचांना घेरून ओरडले, पण मैदान सोडून कोणी गेलं नाही. मध्यावर चेंडू ठेवून पुन्हा खेळायला लागले. मला त्यांचा अतिशय अभिमान वाटला. महासंघाने तक्रार केली, चौकशीची मागणी केली, भरपाईच्या शक्यतेबद्दलही बोलले. मागच्या वर्षी ब्लास्टर्सची तक्रार ज्यांनी बाजूला सारली, तेच आता दुसऱ्यांच्या दारात न्याय मागत उभे आहेत.

स्टिमाच गेले याचं मला दुःख नाही. मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून १-२ हरणं हे कोणत्याही पंचाच्या माथी मारता येणार नाही. त्याआधी त्याच संघाशी गोलशून्य बरोबरी झाली होती. पाच वर्षं पुष्कळ झाली, बदल हवाच होता. पण तो गुवाहाटीनंतर करायचा होता. आता दोहानंतर केल्याने दोन वेगळी प्रकरणं एकात मिसळली. लोक म्हणतात, प्रशिक्षक बदलला, चला, काहीतरी झालं. रेषेबाहेर गेलेल्या चेंडूचं काय झालं? लाइनमन त्या क्षणी कुठे उभा होता, त्याला काय दिसलं, पंचाने त्याला विचारलं का, यातलं काहीही अजून आपल्याला कळलेलं नाही.

नवा प्रशिक्षक कोण येतो ते बघू. मला देशी माणूस आवडेल. आयझॉलला आय-लीग जिंकून देणारे खालिद जमील माझ्या मनात पहिले आहेत. मुंबई एफसीला त्यांनी तुटपुंज्या पैशांत वर्षानुवर्षं कसं वर ठेवलं ते मी जवळून पाहिलं आहे.

पण त्याहून आधी मला दुसरं काहीतरी हवं आहे. नव्या आयएसएल मोसमात प्रत्येक वादग्रस्त गोलानंतर, कार्डानंतर, चोवीस तासांत पंचाचं कारण त्याच्याच शब्दांत जाहीर व्हावं. चुकलं असेल तर चुकलं म्हणावं. पंचांना पूर्णवेळ पगार द्यावा, म्हणजे दुसरी नोकरी सांभाळून कोणाला प्लेऑफच्या सामन्यात शिट्टी वाजवावी लागणार नाही. आणि दंडाच्या पैशाचा काही वाटा, ४ कोटींसारखा दंड पुन्हा कधी झालाच तर, मुलींच्या संघांसाठी बाजूला काढावा. हे मी आज रात्री महासंघाला पत्रात लिहिणार आहे, मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही.