गोल घुमटाच्या आधीचा घुमट

सोलापूरच्या शाळांची सहल विजापूरला जाते ती गोल घुमट पाहायला, आणि गोल घुमट पाहणे म्हणजे जिना चढून वरच्या सज्जात जाणे, भिंतीला तोंड लावून स्वतःचे नाव ओरडणे, ते परत ऐकून खिदळणे आणि मास्तरांचा ओरडा खाऊन खाली उतरणे. मी हे सातवीत केले, पुढे मुलांना घेऊन केले, पाहुण्यांना घेऊन तर किती वेळा केले याचा हिशेब नाही. तिथून एक-दीड किलोमीटरवर असलेल्या जामा मशिदीत मात्र वयाची साठी उलटेपर्यंत माझे पाऊल पडले नव्हते. शंभर किलोमीटरवरच्या गावातली चारशे वर्षांहून जुनी इमारत आपण पाहिली नाही याचे कधी काही वाटलेही नव्हते. शहराचे नाव २०१४ मध्ये विजयपुरा झाले, तरी आमच्याकडे तोंडात विजापूरच बसले आहे, म्हणून इथेही तेच लिहितो.

यंदा गेलो तो एकटाच. तीस-बत्तीस वर्षे आरेखकाच्या टेबलावर वाकून मान आखडली, तशी एक खोडही लागली: कोणतेही छत दिसले की त्याचा भार कुठून खाली उतरतो ते शोधल्याशिवाय चैन पडत नाही. गोल घुमटाच्या बाबतीत हे कोडे माझ्या डोक्यात बरीच वर्षे होते. भिंती चौकोनी, वर घुमट गोल, आणि मध्ये एकही खांब नाही. पुस्तकातली आकृती पाहून उत्तर कळल्यासारखे वाटते, पण प्रत्यक्ष दालनात उभे राहिले की ते सगळे इतक्या उंचावर असते की मान मोडूनही नीट दिसत नाही. जामा मशिदीत हीच रचना लहान मापात पाहायला मिळते, असे एका जुन्या सहकाऱ्याने सांगितले होते. तेवढ्यासाठी गेलो.

स्थानकावरून टांगा केला. पूर्वेच्या दरवाजाने आत शिरलो तेव्हा दुपारची नमाज व्हायची होती. चपला हातात घेऊन अंगणात पाऊल टाकले आणि फरशीने तळपाय असे भाजले की पळतच बाजूच्या ओवरीची सावली गाठावी लागली. मशिदीची देखभाल करणारे एक वयस्क गृहस्थ तिथे भिंतीला टेकून बसले होते. मी आत यायला परवानगी विचारली तेव्हा त्यांनी शेजारची जागा हाताने झटकून दिली आणि दखनीत म्हणाले, "बैठो. नमाज होने देव, फिर आराम से देखो. सब गोल गुंबज कू जाते, इधर कोन आता?" हे ऐकून मला थोडे ओशाळल्यासारखे झाले, कारण इतकी वर्षे त्या 'सब'मध्ये मीही होतोच.

नमाज होईपर्यंत बसायचे होते, ते एका अर्थी बरेच झाले, कारण घाईने आत गेलो असतो तर अंगणातून दिसणारी इमारत नीट पाहिलीच नसती. मध्ये हौद, दोन्ही अंगांना ओवऱ्या आणि समोर पश्चिमेला मुख्य दालनाच्या कमानी. त्यांतली फक्त मधली कमान नक्षीची आणि पाकळ्यापाकळ्यांच्या कडेची आहे, बाकीच्या साध्या आहेत. वर दगडी घोड्यांवर, म्हणजे भिंतीतून पुढे आलेल्या आधारांवर, तोललेला रुंद छज्जा आणि त्याच्याही वर, चौकोनी मजल्यावर बसवलेला, बुडाशी पाकळ्यांची ओळ असलेला घुमट. एवढ्या मोठ्या मशिदीला मिनार कसे नाहीत, असा प्रश्न कुणालाही पडेल. मिनार योजले होते, ते झाले नाहीत. पूर्वेच्या बाजूला त्यांची नुसती बुडे उभी आहेत.

ही मशीद पहिल्या अली आदिलशहाची. तो १५५८ मध्ये गादीवर आला आणि १५८० मध्ये मारला गेला. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत दख्खनच्या सुलतानांनी एकत्र येऊन विजयनगरचा पाडाव केला, त्यानंतर विजापूरच्या हाती पैसाही आला आणि हुरूपही आला. शहराचा कोट, पाण्याची व्यवस्था आणि ही मशीद ही त्याच काळातली कामे. मशीद बांधायला घेतली १५७० च्या दशकात. पुढच्या सुलतानांनी तिच्यात थोडीफार भर घातली, १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतल्यावर पूर्वेच्या बाजूला आणखी बांधकाम झाले, पण मूळ बेत काही कुणी पुरा केला नाही. आपल्याकडे सरकारी कामे रखडली की आपण शिव्या देतो. इथे शंभर वर्षांत चार सुलतान आणि एक बादशहा होऊन गेले, तरी दोन मिनार काही उभे राहिले नाहीत.

नमाज संपली, माणसे पांगली, आणि त्या गृहस्थांनी मला आत नेले.

उन्हातून आत गेल्यावर क्षणभर काही दिसत नाही, आणि मग दिसू लागतो तो पांढरा रंग. जाडजूड चौकोनी खांब, त्यांच्यावर टोकदार कमानी, त्यांच्या पलीकडे आणखी कमानी, आणि सगळ्यावर चुन्याचा साधा गिलावा. ना जाळी, ना कोरीव काम. दालनाची रचना चौकटींच्या वहीसारखी आहे: रुंदीत नऊ खण, खोलीत पाच, म्हणजे एकूण पंचेचाळीस. प्रत्येक खणावर एक छोटा बसका घुमट आहे, तो वरच्या सपाट छतात लपून जातो, म्हणून बाहेरून दिसत नाही. या पंचेचाळिसांपैकी मधले नऊ खण, म्हणजे तीन गुणिले तीनचा चौरस, मोकळा करून त्यावर मोठा घुमट घातला आहे. नऊ खण मोकळे करायचे म्हणजे आतले चार खांब गाळायचे. चौरसाच्या कडेला बारा खांब उरतात. चार कोपऱ्यांवर आणि प्रत्येक बाजूला मधले दोन.

इथपर्यंत कुणालाही सुचेल. पुढचे सुचायला डोके लागते. चौरस सुमारे ७० फुटांचा आहे. त्यावर गोल घुमट बसवायचा तर कोपऱ्यांचे काय करायचे हा जगभरच्या गवंड्यांना पडलेला जुना प्रश्न. कोपऱ्यात तिरपी कमान टाकून चौकोनाचा अष्टकोन करायचा ही नेहमीची वाट. विजापूरच्या कारागिरांनी कोपऱ्यातले खांब सोडून दिले आणि बाजूंवरचे मधले आठ खांब धरले. त्या प्रत्येक खांबावरून शेजारच्या भिंतीकडे तिरपी कमान उडवली. आठ खांब, आठ कमानी, आणि त्या आठही अधांतरी एकमेकींना छेदतात. खालून पाहिले की एकावर एक तिरके ठेवलेले दोन चौरस दिसतात, रांगोळीत आपण आठ टोकांची चांदणी काढतो तसे. त्या चांदणीच्या पोटात आपोआप अष्टकोन तयार होतो, आणि त्यावर घुमटाचे वर्तुळ बसते. वर्तुळ अरुंद होत होत सुमारे ५७ फुटांवर येते.

मी मधोमध आडवा झालो. आधी विचारून घेतले अर्थात. ते गृहस्थ हसून म्हणाले, "सोव, सोव." पाठीखाली गार फरशी, आणि वर ती चांदणी. खालपासून वरपर्यंत एकेक कमान डोळ्यांनी चढत गेलो. खांबावरून निघते, दुसरीला छेदते, तिच्या अंगावरून पुढे जाते आणि पलीकडच्या खांबावर उतरते. आणि मग जी गोष्ट आकृतीत कधी नीट पटली नव्हती, ती पटली. घुमटाचे वजन खालच्या कडेला बाहेर ढकलत असते. कोणत्याही घुमटाचा तो स्वभाव आहे. पण इथे एकमेकींना छेदणाऱ्या कमानींमधला सगळा भराव भिंतीच्या आत झुकलेला आहे, आतल्या बाजूला लोंबत असल्यासारखा. तो आत ओढतो, घुमट बाहेर रेटतो, आणि दोघांचे भांडण तिथल्या तिथे मिटून खाली खांबांवर उरतो तो जवळजवळ सरळ उभा भार. घुमट तोलायला बाहेरून टेकू नाहीत, अवजड पुस्त्या नाहीत. लोखंड नाही, सिमेंट नाही. दगड, चुना आणि दोऱ्याने केलेली आखणी. हे डोळ्यांनी उलगडत गेले तेव्हा मला झालेला आनंद कुणाला सांगावा असा नव्हता, शेजारी बसलेल्या त्या गृहस्थांना तर तो बहुधा उन्हाचा परिणाम वाटला असावा.

उठलो तेव्हा फरशीकडे लक्ष गेले. सगळ्या दालनभर काळ्या रेघांनी आयताकृती घरे आखली आहेत, एका माणसाने एका घरात नमाज पढावी अशी. अशी २,२५० घरे आहेत म्हणतात. मी मोजायच्या फंदात पडलो नाही. पूर्वी इथे मखमली गालिचे होते, ते औरंगजेबाने नेले आणि बदल्यात ही घरे आखून दिली, अशी गोष्ट विजापुरात सगळेच सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, मला त्या घरांचे माप आवडले. एका घरात उभा राहिलो. उभ्या माणसाला ते लांब वाटते, पण तोच माणूस गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावील तेव्हा पुरेपूर भरेल. आमच्या धंद्यात माणसाच्या देहावरून माप काढायला शिकवतात, आणि पुढे सगळेजण ते विसरून छापील तक्त्यावरून मापे टाकतात.

मग पश्चिमेच्या भिंतीतली मेहराब, म्हणजे नमाजेची दिशा दाखवणारा कोनाडा. तिच्यावर पडदा असतो, तो बाजूला केल्यावर त्या पांढऱ्या दालनात एकदम सोने चमकले. हे काम मशिदीच्या मूळ बांधकामानंतर बऱ्याच वर्षांनी, महंमद आदिलशहाच्या हुकमाने, मलिक याकूत याने १६३६ मध्ये केले. सोनेरी मुलामा, गडद रंग, फारशी ओळी, आणि भिंतीतच कोनाडे असल्याचा भास करून देणारी चित्रे, त्यांत फुलदाण्या आणि रचून ठेवलेली पुस्तके. जवळ जाऊन पाहिले तर काही ठिकाणी मुलाम्याचे पापुद्रे सुटून खालचा गिलावा उघडा पडला आहे. फारशी मला वाचता येत नाही, पण आयुष्याचा भरवसा धरू नका, ते थोडे आहे, अशा अर्थाची एक ओळ तिथे आहे. एवढे सोने लावून त्यावर हे लिहायचे, यात सुलतानाचा विनय होता की कारागिराचा मिश्कीलपणा, कोण जाणे. काम अप्रतिम आहे यात शंका नाही. पण खरे सांगायचे तर मला ती मेहराब त्या दालनात थोडी उपरी वाटली, कोऱ्या धोतरावर भरजरी शेला घ्यावा तशी. हेच १६३६ साल शहाजीराजे आदिलशाहीत आले तेही. शाळेत पाठ केलेले ते साल समोरच्या भिंतीवर सोन्यात चिकटलेले पाहून मजा वाटली. आपल्या पुस्तकात विजापूर येते ते दरबार, फौजा आणि विडा उचलणारा सरदार म्हणून. त्याच वर्षी तिथे कुणीतरी शांतपणे भिंतीवर फुलदाणी रंगवीत होते, हे पुस्तकात येत नाही.

निघताना त्या गृहस्थांच्या हातात काही ठेवू लागलो तर त्यांनी दानपेटीकडे बोट दाखवले आणि अंगणातली सावली कुठपर्यंत आली आहे ते पाहून, कडेकडेने जा, पाय भाजणार नाहीत, असे सांगितले.

तिथून टांगेवाल्याला गोल घुमटाकडे घ्यायला सांगितले. तिकीट काढले, पण या वेळी जिना चढलो नाही. गुडघ्यांची कुरकुर होतीच, आणि वर जायचे कारणही उरले नव्हते. महंमद आदिलशहाच्या या कबरीचे दालन चौरस, प्रत्येक बाजू १३५ फूट, घुमटाचा आतला व्यास १२४ फूट. सुलतान १६५६ मध्ये गेला, म्हणजे जामा मशिदीचा घुमट आणि हा यांच्यात पाऊणशे-ऐंशी वर्षांचे अंतर. खाली मधोमध उभा राहून वर पाहिले आणि त्या प्रचंड अंधूक पोकळीत मला लगेच त्या आठ कमानी सापडल्या. तीच चांदणी, तेच दोन तिरके चौरस. इथे त्या कमानी आणखी आत झुकल्या आहेत. मोकळे वर्तुळ अरुंद होत ९७ फुटांवर येते, आणि घुमट मात्र त्याच्याही मागे सरकून उभा राहतो. मधे जी रुंद कड उरते तोच सज्जा. सातवीत ज्याच्यावर उभे राहून मी बेंबीच्या देठापासून ओरडलो होतो, ते पर्यटकांसाठी केलेले बाल्कनीसारखे काही नव्हते. ज्या आत झुकलेल्या भरावाने अख्खा घुमट सावरून धरला आहे, त्याच्याच पाठीवर आम्ही पोरे धावत होतो.

वर कुठल्यातरी शाळेची सहल आली होती. एका मुलाने कुणाला तरी 'ए गण्या' अशी हाक मारली, ती फिरून फिरून खालपर्यंत आली, आणि पाठोपाठ रखवालदाराची शिट्टीही तितक्याच वेळा वाजली. मी तिकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने आधी एक चौरस काढला, त्याच्या प्रत्येक बाजूवर दोन ठिपके दिले आणि एक ठिपका सोडून दुसरा जोडत गेलो. हात अजून स्थिर आहे. पण तिकीट फारच छोटे होते, आठवी रेघ कागदाबाहेर गेली.