पिशवीतली पाकिटं

एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, समुपदेशक आहे मी. सोमवार म्हणजे आमच्याकडे जत्रा. त्या सोमवारी तिसऱ्या नंबरला हे जोडपं आलं. नवरा पॉझिटिव्ह, बायको निगेटिव्ह. आमच्या भाषेत 'डिस्कॉर्डंट'. दादांच्या गोळ्या २०१८ पासून चालू, एक दिवस खाडा नाही, व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तात विषाणू किती ते सांगणाऱ्या, रिपोर्टवर दर वेळी 'टार्गेट नॉट डिटेक्टेड', विषाणू सापडलाच नाही. असा पेशंट आला की आम्ही हुश्श करतो. पाच मिनिटांत सुटतो.

"निरोध वापरता ना?"

"वापरतो मॅडम. नेहमी."

खूण करायला पेन टेकवलं, तेवढ्यात बाईंनी मांडीवरची कापडी पिशवी टेबलावर उपडी केली. निरोधची पाकिटं. दर खेपेला आम्हीच रबर लावून दिलेली. काही रबरं वाळून तुटली होती. सासूच्या नजरेला पडू नयेत म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवली होती म्हणे. एका गठ्ठ्यात दोन दाणे अडकलेले. खालच्या पाकिटांची तारीख केव्हाच उलटून गेलेली.

"परत घ्या ताई. आमच्यात लागत न्हाईत."

मला वाटलं, बिननिरोधाचंच चाललंय. लेक्चर ओठांवर आलंच होतं.

"म्हणजे वापरत नाही?"

"म्हंजे कायच न्हाई. सहा वर्षं ह्यांचं अंथरूण सोप्यात."

दादा खाली बघूनच बोलले, "फाटला तर? तुम्हीच म्हणाला होता मॅडम, एक चूक झाली तर दोन पोरं उघड्यावर पडतील."

म्हणाले होते. अजूनही नव्या पेशंटला म्हणत असे. वाक्य लागू पडतं. इतकं लागू पडेल असं वाटलं नव्हतं.

मग खुर्ची जवळ ओढून नीट सांगितलं. गोळ्या रोज घेऊन लोड मिलिलिटरमागे २००च्या खाली टिकला, तर संबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या एका अभ्यासात अशी जोडपी मिळून सुमारे ५८ हजार वेळा निरोधाशिवाय एकत्र आली. जोडीदाराकडून लागण एकालाही नाही. त्याआधी २०११च्या ज्या अभ्यासाने गोळ्या लवकर सुरू केल्या तर लागण ९६ टक्क्यांनी घटते हे दाखवलं, त्यात आपल्या पुण्याचंही केंद्र होतं. मात्र गोळ्या सुटल्या की हे गणित मोडतं, आणि बाकीचे गुप्तरोग गोळ्यांनी अडत नाहीत. म्हणून निरोध असू द्या, तुमची तपासणी पण वेळच्या वेळी करू. पण भिऊन सोप्यात झोपायचं कारण नाही.

"मग हे आधी का न्हाई सांगितलं?" बाईंनी विचारलं.

सांगायचे, पण 'लोड चांगला आहे, चालू ठेवा' एवढंच, एसटी स्टँडवरच्या घोषणेसारखं. खरं सांगायचं तर पुढचं सांगितलं की लोक निरोध सोडतील, ही भीती माझीच होती. आणि आमच्या फॉर्मवर 'नेहमी', 'कधीकधी', 'कधीच नाही' एवढीच घरं. संबंध आहेत का, हे मी सहा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

तारीख उलटलेली पाकिटं वेगळी काढली. निम्म्याहून जास्त निघाली. दादा बाहेर चपला घालत होते. बाई दारापर्यंत गेल्या, परत वळल्या, पिशवी पुढे केली.

"नवी तारीख बघून दोन द्या," म्हणाल्या. "रबर नको."