सोबत आलेली बाई

फॉर्म एका पानाचा होता. वय, आज कशासाठी आलात, खोकला-कफ-धाप-घरघर यांपैकी काय होतं, किती दिवसांपासून, विडी-सिगारेट ओढता का, घरी स्वयंपाक कशावर करता. आमच्या भागातल्या आम्ही सात-आठ डॉक्टरांनी ठरवलं होतं की मार्चमधल्या एका सोमवारी दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक पेशंटचा हा फॉर्म भरायचा, मग तो गुडघा दुखतो म्हणून आलेला असो की टाके काढायला. कल्पना आमची नव्हती. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशननं १ फेब्रुवारी २०११ या एकाच दिवशी देशभरातल्या ८८० शहरा-गावांतल्या दवाखान्यांमधून अशी मोजणी केली होती. २ लाख ४ हजार ९१२ पेशंट, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांना श्वसनाची काही ना काही तक्रार. तो आकडा वाचल्यापासून आपल्या नाशिकच्या या कोपऱ्यात काय दिसेल, हे मला बघायचंच होतं.

माझा दवाखाना म्हसरूळला, दिंडोरी रोडवर. एका अंगाला शहर, दुसऱ्या अंगाला द्राक्षबागा. बागांवर आणि शेडवर मजूर नेणाऱ्या पिकअप गाड्या सकाळी माझ्या दारावरूनच जातात.

पहिल्या तासातच कळलं की हे प्रश्न एकदा विचारून भागत नाही. "स्वयंपाक कशावर?" म्हटलं की जवळपास प्रत्येक बाई "गॅसवर" म्हणते, आणि ते खरंच असतं. मग मी विचारायला लागले, "आणि अंघोळीचं पाणी?" ते चुलीवर. भाकरी? त्याही चुलीवर, "गॅसवरच्या गोड लागत नाहीत." म्हणजे रोजचे दोन-तीन तास धूर नाकातोंडात जातोच, फक्त फॉर्मवर तो दिसत नाही. सिन्नरचं माहेर असलेल्या एका आजींना "विडी ओढता का?" विचारलं, तर म्हणाल्या, "छे गं बाई. वळायची मात्र. लग्नाआधीपासनं पार म्हातारपणापर्यंत." तंबाखूच्या धुळीत सगळी उमर गेलेली, आणि माझ्यासमोरच्या कागदावर त्यांच्या नावापुढं खूण होणार होती "नाही" या चौकटीत. मी समासात पेन्सिलनं लिहिलं, विड्या वळत होत्या. आजींची धाप मी आठ वर्षं वयाच्या खात्यावर टाकत आले होते.

साडेबाराच्या सुमाराला एक म्हातारी बीपी दाखवायला आली. सोबत सून, चाळिशीची. सुनेनं सासूला आधार देऊन आत आणलं, खुर्चीत बसवलं आणि स्वतः दाराशी उभी राहिली. मी पट्टा बांधत होते, तेवढ्यात तिला खोकल्याची उबळ आली. कोरडा, खालून खरवडत येणारा खोकला. तिनं पदर तोंडाशी धरला आणि बाहेर जायला निघाली.

"थांबा. तुमचा फॉर्म भरला का?"

"मी नाही मॅडम पेशंट. मी आत्याबाईंसोबत आलेय."

नियमाप्रमाणं ती बरोबर होती. फॉर्म फक्त दाखवायला आलेल्यांचा भरायचा होता. पण कंपाउंडरनं सासूचा केसपेपर काढून दिला तेव्हा त्याला टाचलेला सुनेचाही केसपेपर त्याच्याबरोबर आला. एका घरचे कागद आम्ही एकत्रच ठेवतो. मी सहज चाळला.

माझ्याच अक्षरात मागच्या वर्षीच्या मार्चमधली नोंद होती: कोरडा खोकला, तीन आठवडे. खाली एक अँटिबायोटिक आणि खोकल्याची बाटली. त्याच्या आदल्या वर्षीची नोंद मार्चअखेरची. तोच खोकला, तीच बाटली. आणि आज पुन्हा मार्च.

मी तिला बसवलं.

"मागच्या वेळी माझ्या औषधानं बरं वाटलं होतं?"

"व्हय तर. तुमच्या बाटलीनं एकदम थांबला. चैत्राच्या यात्रेला सप्तशृंगीच्या गडावर गेलो, सगळ्या पायऱ्या चढले, दम लागला नाही."

"आणि काम कुठं करता?"

"बेदाण्याच्या शेडवर."

"गेल्या वर्षी शेड कधी बंद झाली?"

तिनं थोडा विचार केला. "यात्रेच्या आधी आठ दिवस."

माझा हात कागदावर तसाच थांबला. बाटलीनं काहीच केलं नव्हतं. हंगाम संपला होता.

बेदाणा कसा होतो हे मला वरवर माहीत होतं. तिनं नीट सांगितलं. द्राक्षं डिपिंग ऑइलच्या आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून रॅकवर सुकत घालतात. माल सोनेरी-पिवळा दिसावा म्हणून गंधक पेटवून बंद जागेत धुरी देतात. धुरी झाली की झाकलेला प्लास्टिकचा कागद उचलून आत जायचं काम हिच्याकडं. "डोळे चुरचुरतात, घशात मिरची लागल्यागत होतं. तोंडाला ओढणी बांधतो." गंधक जळलं की सल्फर डायऑक्साइड तयार होतो. तो श्वासनळीच्या ओलाव्यात विरघळला की आम्ल होतं आणि नळ्या आवळतात. दम्याकडं कल असलेल्या माणसाला अगदी थोडा वायूही काही मिनिटांत त्रास देतो. ओढणीनं धूळ थोडीफार अडते, वायू अडत नाही. एवढं सगळं मला पुस्तकातून माहीत होतं, परीक्षेतही लिहिलं असेल. या बाईला मात्र दोन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं की दिवसभर तू कुठं असतेस.

"शेडला सुट्टी असते त्या दिवशी कसं वाटतं?"

"बरं वाटतं की. पण ते आराम मिळतो म्हणून, असं वाटायचं मला."

तिचा नवा केसपेपर काढला. दोन आठवड्यांवरचा खोकला आहे म्हटल्यावर आधी थुंकीची तपासणी आणि एक्स-रे. टीबी नाही हे कळल्याशिवाय पुढं जायचं नाही, संशय दुसरीकडं कितीही असो. दोन्ही रिपोर्ट चांगले आले. मग तिला पीक फ्लो मीटर दिला. जोरात फुंकायची साधी नळी असते ती, काटा जिथं थांबेल तो आकडा लिहायचा. आकडा जितका मोठा, तितका श्वास मोकळा. सकाळी, दुपारी शेडवर, संध्याकाळी आल्यावर आणि झोपताना. दर वेळी तीनदा फुंकायचं आणि मोठा आकडा घ्यायचा. श्वासातून औषध ओढायचा पंपही दिला, पण तूर्त फक्त धाप लागली तर घ्यायला, नाहीतर तक्ता खरं बोलला नसता. पंपाची सवय लागते का, हे तिनं विचारलंच. नाही लागत, असं सांगितलं आणि पंपाला जोडायचा पोकळ नळा, स्पेसर, लावून दोनदा करून दाखवायला लावलं.

तिला लिहिता येत नव्हतं. सातवीतली मुलगी लिहील म्हणाली.

त्या सोमवारी रात्रीच आम्ही फॉर्म मोजले होते. माझ्याकडचे ५८ भरले. हिचा एकोणसाठावा मी गठ्ठ्यात घातला नाही, नियम मोडला असता. पण दुसऱ्या दिवशी बाकीच्या डॉक्टरांना फोन करून सांगितलं, पुढच्या वेळी कामाचा रकाना पाहिजे. नुसतं "मजुरी" नको. कशाची मजुरी, आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यांत, तेही हवं. एक जण म्हणाले, फॉर्म लांबेल. लांबू दे, म्हटलं.

तीन आठवड्यांनी ती तक्ता घेऊन आली. वहीचं दुरेघी पान, पट्टीनं आखलेलं, कडेला मुलीनं रोज "शेड" किंवा "घरी" असं लिहिलेलं. शेडच्या दिवशी संध्याकाळचे आकडे २२०, २३०, २१०. रंगपंचमीला जोडून शेड तीन दिवस बंद होती. पहिल्या दिवशी २६०, दुसऱ्या दिवशी ३००, तिसऱ्या दिवशी ३२०. त्यापुढं पुन्हा "शेड", आणि पुन्हा २३०. मी बोट फिरवत तिला ते दाखवलं. आकडे तिला ओळखता येत होते. ती बराच वेळ त्या "घरी" लिहिलेल्या तीन ओळींकडं बघत राहिली.

काम सोडा, असं मी म्हणू शकत नव्हते, घर त्यावर चालत होतं. रोजचा पंप सुरू केला. मुकादमाशी बोलून ती धुरीवरून बेदाणा निवडायला बसली. तिथं हजेरी तीस रुपयांनी कमी. ते तीस रुपये मला आजही टोचतात.

जाताना तिनं दाराबाहेर हाक मारली. तिच्याएवढीच एक बाई आत आली, हातात पिशवी, डोळे लालसर.

"ही आमच्या शेडवरचीच. हिला खोकला नाही, नुसता घसा जळतो. दाखवायला तयारच नव्हती."

मी कोरा केसपेपर घेतला. नाव, वय, आणि तक्रारीच्या आधी, वरच, तिचं काम लिहिलं.