तुम्ही विचारलंत म्हणून : पहिला क्रमांक रिकामा का?

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की, उत्तर टाळणे आता माझे मलाच शोभेनासे झाले आहे. 'द ट्वायलाइट झोन' या जुन्या अमेरिकी टीव्ही मालिकेच्या (दर भागात नवी गूढकथा) १५६ भागांची क्रमवारी लावलेली जी वही शनिवारी आमच्याकडे हे भाग पाहायला जमणाऱ्या मंडळींत हातोहाती फिरते, तिच्यात दुसऱ्या क्रमांकापासून पुढे सगळे जागच्या जागी आहे. पहिल्या ओळीतले 'टाइम इनफ ॲट लास्ट' हे नाव मात्र लाल शाईच्या एका रेघेने खोडलेले आहे, शेजारी माझी सही आहे आणि त्या जागी दुसरे काहीही लिहिलेले नाही. नव्याने येणारा प्रत्येक जण "काका, हे का खोडलंत?" असे विचारतो आणि जुने एकमेकांकडे बघून हसतात.

आजवर मी या प्रश्नाला तीन उत्तरे दिली आणि ती तिन्ही सोयीची होती.

पहिले उत्तर तर्काचे. या भागात हायड्रोजन बॉम्ब पडून सारे शहर भुईसपाट होते, बँकेच्या तिजोरीत लपून पुस्तक वाचत बसलेला तिथला कॅशियर हेन्री बेमिस तेवढा जिवंत राहतो आणि त्यानंतर किरणोत्सर्गाचा त्याच्यावर काडीचाही परिणाम होत नाही, हे मला पटत नाही, असे मी सांगत असे. ज्याला त्या ढिगाऱ्यात ग्रंथालयाची पुस्तके शाबूत सापडतात, त्याला शेवटी चष्मा फुटून वाचता येईनासे झाल्यावर चष्म्याचे एखादे दुकान सापडू नये, हा मुद्दाही मी जोडीला देई. मंडळी हसत आणि विषय संपे. दुसरे उत्तर कलेचे होते. चष्मा फुटतो हे एकदा कळले की या भागात पुन्हा पाहण्यासारखे काही उरत नाही, याउलट 'आय ऑफ द बिहोल्डर'चा शेवट ठाऊक असूनही तो चौथ्यांदा पाहताना डॉक्टर-नर्सांचे चेहरे सावलीत ठेवण्यासाठी कॅमेऱ्याने काय काय केले आहे हे बघण्यातच जीव रमतो, असे मी म्हणत असे. हे खोटे आहे. बेमिस झालेल्या बर्जेस मेरेडिथचा चेहरा विसाव्यांदाही तितकाच पाहावासा वाटतो.

तिसरे उत्तर न्यायाचे, आणि त्यात निम्मे सत्य आहे. मालिकेचा जनक रॉड सर्लिंग याने तिचे १५६ पैकी ९२ भाग लिहिले, आणि मालिकेत ज्याला शिक्षा होते त्याने बहुधा ती कमावलेली असते. 'लिव्हिंग डॉल'मधल्या सावत्र बापाला बाहुली संपवते तेव्हा आपल्याला भीती वाटते, पण अन्याय झाला असे वाटत नाही. बेमिसने कोणाचे काय वाकडे केले होते? त्याला वाचायचे होते, एवढेच. यावर आमच्यातल्या एका चोखंदळ मुलीने मला लगेच अडवले होते की, मूळ कथा लिन व्हेनेबलची, १९५३मध्ये 'इफ' मासिकात आलेली, तेव्हा या शिक्षेचे खापर एकट्या सर्लिंगवर फोडता येत नाही. तिचे बरोबर होते. पण आम्ही कोर्टात बसल्यासारखे भांडत होतो आणि खटल्यातला एक पक्षकार मीच आहे, हे मी कोणालाही सांगितले नव्हते.

मी ३४ वर्षे बँकेत होतो, त्यांतली पहिली अकरा कॅश काउंटरवर. बेमिस 'डेव्हिड कॉपरफिल्ड' वाचता वाचता खिडकीवरच्या बाईला पैसे कमी देतो. माझ्या हातून असे कधी झाले नाही, संध्याकाळी माझी कॅश पहिल्या फटक्यात जुळत असे, हे नोंदवल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. पण टोकन संपून गर्दी ओसरली की ड्रॉवर चार बोटे उघडून आतले पान वाचण्याची कला माझ्याकडेही होती. त्यामुळे २०१५मध्ये, निवृत्तीनंतर वर्षभराने, भाच्याने अमेरिकेहून आणलेल्या डीव्हीडींचा संच लावला आणि पहिल्या वर्षातला हा आठवा भाग समोर आला, तेव्हा मी खुर्चीतून उठलोच नाही. पुढच्या वर्षी सर्व भाग संपवून वही लिहायला घेतली, तेव्हाची नोंद अशी आहे : "निर्विवाद पहिला. दहापैकी दहा. भुते-बाहुल्या सगळ्या फिक्या. या मालिकेतील सर्वांत भयंकर पात्र म्हणजे हेलन बेमिस."

हेलन म्हणजे त्याची बायको. ज्या प्रसंगामुळे मी तिला ही पदवी दिली तो तुम्हाला आठवत असेलच : ती त्याला कवितांचे पुस्तक वाचून दाखवायला सांगते, तो हरखून जातो, पान उघडतो, आणि पाहतो तो प्रत्येक ओळीवर तिने काट मारून ठेवलेली असते.

२०१८च्या पावसाळ्यात एका शनिवारी दोन नवीन मुले आली होती म्हणून हा भाग पुन्हा लावला. त्या प्रसंगाशी मी रिमोटने चित्र थांबवले आणि नेहमीचे व्याख्यान सुरू केले : 'इट्स अ गुड लाइफ'मधले पोर माणसांना मक्याच्या शेतात पाठवून नाहीसे करते ते एक वेळ परवडले, निदान ते सहा वर्षांचे आहे, हे मात्र थंड डोक्याचे क्रौर्य आहे. पडद्यावर बेमिस पुस्तक उघडण्याच्या बेतात थिजलेला होता, चेहरा आनंदाने फुललेला. सौ. स्वयंपाकघराच्या दारात मेथी निवडत बसली होती. ती सगळे भाग आमच्याबरोबर असेच, काम करता करता पाहते. इंग्रजी तिला जेमतेम कळते. ती म्हणाली, "वाच म्हटल्याबरोबर वाचायला बसला की हो बिचारा."

मुले हसली. मला वाटले तिला प्रसंग समजला नाही, म्हणून मी समजुतीच्या सुरात म्हणालो, "अगं, ती त्याची थट्टा करते आहे. आत सगळं खोडलेलं आहे."

"ते कळलं मला," ती म्हणाली. "मी त्याचं बोलतेय."

आणि तिने मेथीच्या काड्या बाजूला केल्या. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. समोर दिसले ते तिने बोलून दाखवले, इतकेच. मुलांपैकी कोणाच्याही काही लक्षात आले नाही. मी चित्र पुढे सुरू केले.

१९८५ साली आम्ही चिपळूणला होतो. दोन खोल्यांचे बिऱ्हाड, थोरली मुलगी आठ महिन्यांची. सौ. लग्नाआधी बारावी झाली होती आणि त्या वर्षी तिने बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून बी.ए.च्या पहिल्या वर्षाचा फॉर्म भरला होता. फॉर्म मीच आणून दिला होता, हेही मला लिहावेसे वाटते. दिवसभर मूल अंगावर असल्यामुळे पुस्तक हातात धरायला तिला सवड मिळत नसे, तेव्हा तिने एक साधा उपाय सुचवला : संध्याकाळी ती स्टोव्हपाशी भाकऱ्या करत असताना मी शेजारी बसून इतिहासाचे पुस्तक मोठ्याने वाचावे. "ऐकलं की माझ्या लक्षात राहतं," असे ती म्हणाली होती. मी चार संध्याकाळी वाचले. पाचव्या दिवशी वाचनालयात कित्येक महिन्यांपासून नंबर लावून ठेवलेली एक जाडजूड कादंबरी माझ्या हाती आली, आणि ती सात दिवसांत परत करायची होती. "एवढं प्रकरण संपू दे," असे मी तिला सांगितले. ते प्रकरण संपले, मग पुढचे सुरू झाले, मग दुसरे पुस्तक आले. काही दिवस ती रोज विचारत असे, मग एक दिवसाआड, मग विचारणे बंद झाले. ती नेमके किती दिवस विचारत राहिली हे मला सांगता येत नाही. घरखर्चाचा पैशापर्यंत हिशेब ठेवणाऱ्या माणसाने तेवढा आकडा मात्र कोठेही टिपलेला नाही.

एप्रिलमध्ये एका सकाळी डबा हातात घेताना मी सहज विचारले, "पेपर कधी आहेत तुझे?" ती म्हणाली, "कालपासून सुरू झाले." डब्यात तोंडल्याची भाजी होती. त्या महिन्याच्या हिशेबात परीक्षा शुल्काच्या रकमेपुढे मी कंसात एक शब्द लिहिला : "वाया". दुधाचा हिशेब ती त्याच वहीत लिहीत असे.

हे सगळे मी विसरलो होतो असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. त्याला प्रसंग म्हणावे असे मला कधी वाटले नव्हते, एवढेच. त्या रात्री २०१६ची नोंद पुन्हा वाचली आणि ती लिहिणाऱ्या माणसाशी माझे भांडण सुरू झाले, ते अजून मिटलेले नाही. त्याचे म्हणणे असे की, हेलनने ओळी खोडल्या, तू काय खोडलेस? तू तर फक्त वाचत होतास. माझे म्हणणे असे की, बेमिसचाही बचाव हाच आहे, आणि आपण पंचवीस मिनिटे त्याच्या बाजूने बसतो, कारण कॅमेरा त्याच्या बाजूने बसलेला आहे. जग संपल्यावर तो एकटेपणाला कंटाळतो, पिस्तूलही उचलतो, पण ग्रंथालयाची पाटी दिसताच सगळे विसरून महिन्यामहिन्यांच्या वाचनाचे ढीग पायऱ्यांवर रचू लागतो. त्या ढिगांकडे पाहून पूर्वी माझ्या तोंडाला पाणी सुटत असे. तरीही बेमिस म्हणजे मी नव्हे, हे मला ठासून सांगायचे आहे. त्याच्या घरी त्याला छळणारी बायको होती. माझ्या घरी नव्हती, म्हणजे माझ्याजवळ त्याच्याइतकीही सबब नव्हती, आणि मला सांगायचे होते ते हे नव्हे.

चुकीची नोंद रबराने पुसायची नाही, वर गिरवायची नाही, खालचे वाचता येईल अशी एक रेघ मारून शेजारी सही करायची, हे बँकेत पहिल्या आठवड्यात शिकवतात. तसेच केले. दुसरे नाव लिहिले नाही, कारण मी तो भाग वाईट ठरवलेला नाही. तो पहिला की शंभरावा हे मी ठरवावे, हेच आता मला मान्य नाही. "काका, हे फारच झालं, क्रमवारी हा एक खेळ आहे," असे तुमच्यापैकी एकाने म्हटले होते. खेळच आहे. म्हणून तर उरलेल्या १५५ भागांवर मी अजूनही तावातावाने भांडतो, आणि चौथ्या वर्षाचे तासाभराचे भाग वर सरकवू देत नाही.

त्या पावसाळ्यातच मी सौ.ला म्हणालो होतो की, रोज संध्याकाळी काहीतरी वाचून दाखवीन. ती म्हणाली, आठ वाजता माझी मालिका असते. मालिका संपल्यावर, असे मी सुचवले. "बघू," म्हणाली. अप्पा बळवंत चौकातून मराठ्यांच्या इतिहासाचे एक पुस्तक आणून टीव्हीशेजारी ठेवले. सध्या त्यावर रिमोट असतो. चाळीस-एक पाने झाली आहेत. तिला झोप लवकर येते.

रिकाम्या ओळीसाठी सूचना येतच असतात. 'द ऑब्सोलीट मॅन' घ्या, असे दोघे म्हणतात; त्यातही बर्जेस मेरेडिथच आहे, तोही पुस्तकवेडा ग्रंथपाल आहे, आणि तिथे तो मरतानाही जिंकतो. भरपाई म्हणून सूचना चांगली आहे, आणि म्हणूनच मला ती नको आहे. ती चोखंदळ मुलगी म्हणते, काकूंचा पहिला क्रमांक तिथे लिहा. सौ.चा पहिला क्रमांक 'द इन्व्हेडर्स' आहे, १९६१चा. अॅग्नेस मूरहेडच्या त्या एकट्या बाईला संपूर्ण भागात एकही वाक्य नाही, त्यामुळे भाषेचा अडसर न येता तो तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत कळला होता. मी वही आणि पेन तिच्यापुढे धरले.

"तुमच्या वहीत माझा नंबर कशाला?" ती म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.