रिपोर्टात फाटलेला खांदा

मी फिजिओ आहे. मध्ये एक किराणा दुकानवाले काका आले, वय 68, शुगर आहे, सोबत मुलगा आणि एमआरआयची ती मोठी पिशवी. काकांच्या उजव्या खांद्याचं कफ रिपेअर, म्हणजे खांद्याच्या सांध्याभोवतीच्या चार स्नायूंपैकी (रोटेटर कफ) फाटलेला शिवण्याचं ऑपरेशन, सात-आठ वर्षांपूर्वी दुर्बिणीतून झालेलं. आता तक्रार मानेची होती, पण मुलाने हौसेने खांद्याचाही एमआरआय काढला आणि रिपोर्टात आलं, शिवलेला सुप्रास्पायनेटस (त्या चारांपैकी वरचा स्नायू) परत पूर्ण फाटलाय. झालं! मुलगा तापलेला, पैसे पाण्यात गेले, आता परत ऑपरेशन का वगैरे, काका गप्प.

म्हटलं काका, आधी हात वर करा बघू. सरळ कानाला टेकला की! रात्री दुखतं का विचारलं तर मुलगाच म्हणाला, आधी त्या कुशीवर झोपता यायचं नाही, आता त्याच कुशीवर मस्त घोरतात. कमी होती ती ताकद, समोर धरलेल्या हातावर वरून दाब दिला की हात खाली.

हे बघून नवीन माणूस चक्रावतो, पण आमच्याकडे हे नवीन नाही. 2004 मधला एक अमेरिकन अभ्यास आहे, मोठ्या फाटीचे 18 पेशंट, त्यातल्या 17 जणांचे शिवलेले टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे दोर) परत फाटलेले, तरी वर्षभराने बहुतेक जण खूश होते. दोन वर्षांनी मात्र खांद्याला दिलेल्या गुणांची सरासरी घसरली, म्हणून मी "काही होत नाही हो" असं कुणालाच सांगत नाही. आणि ऑपरेशन फुकट जातं असंही नाही, नॉर्वेत लहान-मध्यम फाटीच्या 103 जणांच्या अभ्यासात दहा वर्षांनी पाहिलं तर ऑपरेशनवाले नुसत्या व्यायामवाल्यांपेक्षा बरे होते.

परत फाटतं ते बहुतेक वेळा पहिल्या काही महिन्यांतच, हे सांगितल्यावर काका हळूच म्हणाले, "मॅडम, मी ऑपरेशननंतरचा हाताचा पट्टा तिसऱ्या आठवड्यातच काढलेला, दुकानाचं शटर कोण उघडणार?" मुलगा बघतच राहिला, त्याला हे पहिल्यांदाच कळत होतं! पट्टा लवकर काढल्याने फाटलं असेल की शुगर-वयामुळे, आता कोण सांगणार.

सर्जननेही बघून सध्या परत ऑपरेशन नको म्हटलं. उरलेले तीन कफ स्नायू आणि डेल्टॉइड (खांद्यावरचा मोठा स्नायू) यांच्यासाठी बँडचे व्यायाम दिलेत, तेलाचे डबे वरच्या फळीवर चढवणं बंद. मुलगा शटरला मोटर बसवतोय. काका म्हणे, ऑपरेशनपेक्षा स्वस्तात पडलं.