ताई, सगळ्यांना राणीबागेत का पाठवता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतरी दर बॅचला कुणीतरी विचारतंच, की पॉटरी शिकायला आलोय तर पहिल्या रविवारी राणीबागेत कशाला? पेंग्विन बघायला नाही हो. तिथे डॉ. भाऊ दाजी लाड म्युझियम आहे ना, त्यात बॉम्बे स्कूल ऑफ आर्टची, म्हणजे आताच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची, आपल्या जेजेची, जुनी पॉटरी आहे. त्यातल्या फुलदाण्या बघून या.

झालं असं की 1870 च्या दशकात जेजेचे प्रमुख जॉर्ज टेरी यांनी पॉटरीचं वर्कशॉप काढलं. आता आपल्या कुंभाराचं मडकं बिनग्लेझचं, म्हणजे वर काचेसारखा भाजलेला थर नसलेलं, पाझरतं म्हणून तर माठातलं पाणी गार राहतं, ग्लेझची जुनी परंपरा तिकडे सिंधमध्ये, ती टेरींनी मुंबईत आणली. आणि त्याच सुमारास, 1872 पासून, जेजेचेच जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जायचे, भिंतीवरच्या चित्रांच्या नकला करायला. त्या चित्रांतली माणसं मग गुहेतून निघून फुलदाणीच्या पोटावर येऊन बसली. (1885 मध्ये लंडनला आग लागून बऱ्याचशा नकला जळाल्या. भांड्यांचं बरं, ती आधीच भट्टीतून निघालेली.)

मला गंमत वाटते ती वेगळीच. फुलदाणी हवी होती कुणाला? आपल्याकडे फुलं देवाला, केसात, नाहीतर दारावर तोरणाला, पाण्यात उभी करून कोण ठेवायचं! म्हणजे ग्लेझ सिंधचं, चित्रं अजिंठ्याची, वर्कशॉप मुंबईचं आणि दिवाणखाना साहेबाचा. मग ही अस्सल कशी, असं एकाने विचारलं होतं, मी म्हटलं तू आधी एक करून दाखव. भिंतीवरची सपाट बाई गोल पोटावर काढायची म्हणजे तिचा खांदा कुठे वळवायचा, गळ्याकडे जागा कमी पडते तिथे काय भरायचं, हे ज्याने ठरवलं तो नुसता नक्कल करत नव्हता.

म्युझियममध्ये मी बघितलेल्या पाटीवर नाव स्कूलचं होतं, चाकावर बसणाऱ्याचं नाही. म्हणून मी काचेला नाक लावून फुलदाणीच्या तोंडातून आत कुठे बोटांच्या रेषा दिसतात का बघत बसते, आणि गार्ड म्हणतो, मॅडम, मागे व्हा.